कडू कॅप्सूल, गोड कॅप्सूल

२ डिसेंबर २०२४, सोमवार

प्रशिकला आज खरंच मारणार होते! रक्ताच्या नळ्या ठेवायच्या टेबलावर समोसा. शेजारी तळलेली मिरची. मी ओरडले तर म्हणतो, "ताई, पाकीट बंद आहे, समोसा निर्जंतुक आहे." निर्जंतुक समोसा! याला पीएच.डी. कोण देणार आहे, देव जाणे.

महिन्याचा पहिला सोमवार म्हणजे रक्त घ्यायचा दिवस. सकाळपासून बाहेरच्या बाकावर नुसता कलकलाट. सिकलसेलचे आमचे सगळे पेशंट एकाच दिवशी येतात. पारशिवनीकडचे तर एकाच जीपमधून, डबे-बिबे घेऊन. एकमेकांची लग्नं-बारशी सगळं त्या बाकावर ठरतं. मी आत सुई घेऊन वाट बघते आणि बाहेर कोणाची तरी गोष्ट संपायची असते!

कवडूभाऊ आले दोन्ही मुलींना घेऊन. दोघींनाही सिकलसेल. थोरली हर्षा घरीच शिवणकाम करते. धाकटी अश्लेषा रामटेकला नर्सिंग शिकते, रोज बसनं जाऊन-येऊन. आमच्या अभ्यासातली नवी कॅप्सूल सुरू होऊन दोन महिने झाले. अश्लेषा मागच्या वेळी दम लागून आमच्या जिन्यात दोनदा बसली होती. आज थेट वर! मागून हर्षा सावकाश हसत हसत आली — "मले काय घाई हाय मॅडम, गाडी थोडी सुटून राह्यली!" गोड पोरगी आहे. माझ्यासाठी ओढणीच्या टोकाला बांधून बोरं आणली होती.

कवडूभाऊंचा दर वेळचा प्रश्न — "खरी कोनाले अन साखरेची कोनाले?" मी म्हटलं, भाऊ, मलाच माहीत नाही. बाटल्यांवर नुसते आकडे आहेत. चिठ्ठ्या टाकून अर्ध्या लोकांना खरी कॅप्सूल, अर्ध्यांना साखरेची. तुमची नेहमीची औषधं तर सगळ्यांची चालूच आहेत. कोणाला काय मिळालं ते फक्त कामिनी मॅडमच्या कुलपात. त्या बसतात दुसऱ्या इमारतीत, आणि आम्ही त्यांच्याशी पावसापाण्यापलीकडे बोलत नाही.

"असं कसं?" म्हणाले. "एका घरात एकीले अस्सल अन एकीले साखर? आमच्या घरी तं बोरंबी मोजून वाटतो आमी."

मी हसले. किती छान बाप आहे, असं वाटलं. बोरं मी आणि प्रशिकनं जिन्यात उभं राहून संपवली — टेबलावर नाही!

५ डिसेंबर

प्रशिकच्या पेशींना बुरशी लागली. दोन आठवड्यांची मेहनत कचऱ्यात. दिवसभर सुतक. मी समोशाचं नावही काढलं नाही. (मनात काढलं.)

११ डिसेंबर

आज दुपारभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले होते. इतकी वर्षं झाली, तरी अजून अंगावर काटा येतो.

काचेवर पेशंटचं रक्त. प्राणवायू हळूहळू कमी करत न्यायचा. आधी सगळ्या पेशी छान गोल, एकमेकींना धक्के देत चाललेल्या. मग एक वाकडी होते. मग दुसरी. बघता बघता सगळीकडे विळेच विळे! हेच विळे बारक्या नसांत अडकतात आणि माणूस गुरासारखा ओरडतो — हाडं, पाठ, छाती, जिथे अडकेल तिथे. पण अधूनमधून एखादी पेशी गोलच राहते. ढिम्म. ती वाकतच नाही! तिच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. आईच्या पोटात असताना आपल्या सगळ्यांत तेच असतं, आणि ते वाकत नाही. जन्मल्यावर शरीर त्याचं बटण बंद करून टाकतं. काहून बंद करतं बाप्पा? ठेवायचं ना चालू, कोणाचं काय जात होतं! आमची कॅप्सूल तेच बटण परत दाबते. म्हणजे बशीतल्या पेशींमध्ये तरी दाबते. माणसात दाबते का, तेच तर बघतोय.

घरी येऊन सुशीलला अर्धा तास हेच सांगितलं. नवरा सदर बाजारात चष्मे विकतो, ऐकून घ्यायची सवय आहे त्याला. शेवटी म्हणाला, "त्या पेशीकडे जसं पाहून राहिली, तसं माझ्याकडे पाहिलं का कधी?" म्हटलं, तू गोल झाला आहेस, पण त्यात कौतुकासारखं काही नाही!

२३ डिसेंबर

थंडी! महाल भागातल्या आमच्या गल्लीत सकाळी स्कूटर सुरू होत नाही. तीन शेजाऱ्यांनी तीन सल्ले दिले, चौथ्यानं लाथ मारली. लाथेनं सुरू झाली.

६ जानेवारी २०२५, सोमवार

अश्लेषा वॉर्डात उभी राहते आता! पूर्ण पाळी. मधे एकदाही बसावं लागत नाही म्हणाली. मागच्या वर्षी याच पोरीला परीक्षेच्या दिवशी स्ट्रेचरवरून नेलं होतं, ते वर्ष गेलं. या मार्चमध्ये परत परीक्षा आहे. "मॅडम, या वेळी पेपर उभ्यानं लिहून दाखवू का?" म्हणाली. गाल भरलेत. डोळ्यांतला पिवळेपणा गेलाय. मला काही माहीत असायला नको, मी काही ओळखायला नको — पण डोळे आहेत ना मला! हिला खरीच मिळाली असणार.

हर्षाला विचारलं, गेल्या महिन्यात किती दिवस दुखलं? "एकबी नाही मॅडम. मस्त हावो." लग्नसराईची ब्लाउजं शिवून डोळे लाल झालेत तिचे. मला म्हणाली, तुमचा ब्लाउज खांद्यावर बसत नाही, द्या, मी करून आणतो. मी द्यायचं कबूल केलं. दोघींना खरी मिळाली असेल का? असेल बाई. कवडूभाऊंच्या वाटणीला देवानंही मान दिला असेल.

१४ जानेवारी

संक्रांत. गच्चीवर सुशीलनं स्वतःचीच पतंग स्वतःच्याच मांज्यानं कापली. मी इतकी हसले की पोटात दुखलं.

२४ जानेवारी, शुक्रवार

घात झाला.

आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख, उन्मेष सरांनी बोलावलं. सर कधी दार लावून बोलत नाहीत, आज लावलं. देखरेख समितीचा निरोप आलाय. कामिनी मॅडमनी अर्ध्या वाटेवरचे आकडे त्यांना दिले होते. दोन्ही गटांत फरक जवळजवळ उरलाच नाही! खऱ्या गटात काही जणांचं गर्भातलं हिमोग्लोबिन वाढलं, काहींचं जेमतेम. आणि साखरेच्या गटात — साखरेच्या! — काही जणांचं चांगलंच वाढलं. कोणाचं, ते अर्थातच सांगितलं नाही.

वीस फेब्रुवारीला समितीची बैठक. तोवर कारण सापडलं नाही तर अभ्यास बंद. बंद म्हणजे कॅप्सूल बंद, सगळ्यांच्या. अश्लेषाचीही. मार्चच्या परीक्षेच्या तोंडावर.

सर म्हणाले, "मिनल, औषध काम करत नसेल तर ते मान्य करावं लागतं." मी म्हटलं, सर, औषध काम करत नसेल तर साखर काहून काम करून राहिली? खरं सांगायचं तर तिथेच रडले असते, पण सरांच्या खोलीत रुमाल पण नव्हता.

२८ जानेवारी

यंत्र तपासलं. ठीक. रसायनं तपासली. ठीक. माझं स्वतःचं रक्त घातलं. ठीक, अगदी पुस्तकातल्यासारखं. नळ्यांची अदलाबदल झाली का म्हणून प्रशिकवर संशय घेतला, तो चिडला, मी जास्त चिडले. "समोसा खाणारा माणूस नळ्या पण खाईल!" असं म्हणाले मी. फार बोलले.

२९ जानेवारी

सकाळी प्रशिकसाठी तर्री पोहे घेऊन गेले. तर्री जास्त. आधी पोहे संपवले, मग म्हणाला, "ताई, मी काल रात्री विचार केला. साखरेनं रक्त सुधारत असेल तर इतवारीतल्या सगळ्या हलवायांना पुरस्कार द्यावा लागेल." हुश्श! मिटलं.

३ फेब्रुवारी, सोमवार

रक्त घेतलं. बाकावर नेहमीचा दंगा. मी सगळ्यांना एकेक करून विचारलं — कॅप्सूल रोज घेता का? घेतो. विसरत नाही ना? नाही. दुसरं कोणाचं काही औषध, झाडपाला? नाही. सगळे कसे शहाण्यासारखे बोलतात!

प्रशिक म्हणतो, घरी जाऊन बघू. बाटल्या कुठे ठेवतात, चुलीजवळ, उन्हात? गुरुवारी जायचं ठरलं. पहिलं घर कवडूभाऊंचं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजचं कुठून सुरू करू! हसू की चिडू, मलाच कळत नाहीये.

सकाळच्या एसटीनं पारशिवनी, पुढे कवडूभाऊ मोटारसायकल घेऊन हजर. प्रशिक मागे लटकला, मी मधे. घरी पोचलो तर प्रेमलताबाईंनी — म्हणजे मुलींच्या आईनं — सोले-वांग्याची भाजी, ज्वारीची भाकर, ठेचा, सगळा घाट घालून ठेवलेला. अश्लेषा कॉलेजला गेलेली. हर्षा मशीनवर बसली होती, उठून पाणी दिलं, परत बसली.

जेवण झाल्यावर मी म्हटलं, बाई, कॅप्सूल कुठे ठेवता ते दाखवा. त्यांनी फडताळातून स्टीलचा डबा काढला. छान सावलीत, कोरडा, झाकण घट्ट. मनात म्हटलं, वा! डबा उघडला. आत दोन्ही बाटल्या, एक वाटी, गूळ आणि दोन चमचे.

मी म्हटलं, गूळ काहून?

"अश्लेषाले कॅपसूल गिळता नाही ना येत. घशात अडकते तिच्या. लहानपनापासून तसंच हाय. पहिला महिना कशीबशी गिळली तिनं, मंग मी फोडली, गुळात कालवली. चाटून पाह्यली त गोड लागली. म्हनलं हे कसं अवशिद? मंग हर्षाची फोडून पाह्यली. बाप्पा बाप्पा, कडूजहर!"

प्रशिकनं माझ्याकडे बघितलं. मी प्रशिककडे.

"कडू हाय तेच अवशिद," प्रेमलताबाई म्हणाल्या, "हे तं लहान लेकरूबी सांगन."

खलास! एवढा अभ्यास, एवढ्या बैठका, आकड्यांच्या बाटल्या, कुलूप, दुसरी इमारत! आणि कॅप्सूल फोडून चाखून कोण बघेल, हे आमच्यापैकी एकाही दीडशहाण्याच्या डोक्यात आलं नाही. बाहेरून दोन्ही कॅप्सुली सारख्या — रंग, वजन, आवाजसुद्धा. आत एक कडू, एक साखर!

"मंग हे म्हनाले," नवऱ्याकडे हात केला, "दोघींले अर्धं-अर्धं कर. तवापासून रोज जेवन झालं का हर्षा दोनी कॅपसुली फोडते अन दोन चमचे करते. मी तवा भांडे घासत राह्यतो."

कवडूभाऊंचा चेहरा पडला होता. "चुकलं का मॅडम? एकीले द्या अन एकीच्या तोंडाकडे पाहा, असं नाही होत आमच्याच्यानं."

मी म्हटलं, अहो पण काहून नाही सांगितलं मला? दर महिन्याला विचारते मी!

"तुमी इचारता, रोज घेता का," प्रेमलताबाई म्हणाल्या. "रोज घेतो. वाटून घेता का, असं कधी इचारलं तुमी?"

मला एकदम हसू फुटलं. प्रशिक तर भिंतीकडे तोंड करून हसत होता, खांदे हलत होते. हर्षा मशीन थांबवून खाली मान घालून बसली होती. बिचारी घाबरली असेल. मी तिला म्हटलं, तुला नाही बोलत गं, मी मलाच बोलतेय.

आणि हे एवढ्यावर संपत नाही! प्रेमलताबाईंनी चाखायची युक्ती जीपमध्ये सगळ्यांना सांगितलेली. मग कोणी जावेबरोबर वाटून घेतं, कोणी मैत्रिणीबरोबर, कोणी बाकावर ओळख झालेल्या पोराला दर महिन्याच्या सोमवारी चार पुड्या देतं. आमचा तो बाक! सगळा साखरेचा गट तिथे बसून औषध घेत होता आणि मी आत सुई घेऊन वाट बघत होते.

येताना एसटीत मी आणि प्रशिक पारशिवनीपासून नागपूरपर्यंत हसत आलो. कंडक्टरनं दोनदा बघितलं. गणेशपेठच्या स्टँडवर उतरल्यावर मात्र हसू थांबलं. हे समितीला सांगायचं. सांगितलं की अभ्यास मोडला. मोडला की कॅप्सूल बंद. आता काय?

७ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. सर आधी डोक्याला हात लावून बसले. मग विचारलं, "बाईंनी स्वतः चाखली?" हो म्हटलं. तर सर असे हसायला लागले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "आपल्या सगळ्या समितीत एक जरी स्वयंपाक करणारं माणूस असतं ना, मिनल!"

मग गंभीर झाले. सगळं जसंच्या तसं समितीला लिहून द्यायचं, एक शब्द न लपवता. मला वाटलंच होतं.

तेवढ्यात प्रशिक म्हणाला — आणि हे मी त्याच्या आयुष्यभराच्या समोशांना माफी म्हणून लिहून ठेवते — "सर, बाटली खोटं बोलली असेल, पण रक्त नाही ना बोलणार. दर महिन्याच्या रक्ताची एकेक नळी आपल्या फ्रीजरमध्ये पडून आहे. त्यात औषध किती आहे, ते मोजू ना."

मग सर उठले आणि त्याच्या पाठीत जोरात धपाटा घातला. कोणाला कोणती बाटली मिळाली ते विसरून जायचं. कोणाच्या रक्तात खरंच किती औषध पोचलं ते बघायचं, आणि त्याच नळीत गर्भातलं हिमोग्लोबिन किती, ते शेजारी मांडायचं. ज्यानं जास्त घेतलं त्याचं जास्त वाढलं असेल तर औषध खरं! नावं नकोत, नुसते नळ्यांचे आकडे. कामिनी मॅडमचं कुलूप तसंच राहील.

अरे गाढवांनो, हे आधी काहून नाही सुचलं!

१० फेब्रुवारी

औषध मोजायचं यंत्र शेजारच्या विभागाचं. त्यांचे साहेब म्हणाले, मार्चमध्ये या. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि म्हटलं, मी आहे इथेच, तुम्ही चालू द्या तुमचं. दुपारी यंत्र मिळालं.

१३ फेब्रुवारी

नळ्या. नळ्या. नळ्या. सुशील डबा घेऊन आला होता, मी त्याला पेशंट समजून बाकावर बसायला सांगितलं!

१७ फेब्रुवारी, सोमवार

आली!! रेघ आली!

प्रशिकनं एकेक ठिपका टाकला पडद्यावर. खाली रक्तातलं औषध, वर गर्भातलं हिमोग्लोबिन. पहिले काही ठिपके तळाशी — औषध नाही, वाढ नाही. मग मधले, वाटून खाणारे. मग वरचे, पूर्ण घेणारे. सगळे मिळून चढत गेलेले, उतारावरून खाली सायकल सोडावी तसे सुसाट, फक्त उलट्या दिशेनं! एवढी स्वच्छ रेघ मी पुस्तकात पण बघितली नाही. साखरेत काही नव्हतं. आमच्या यंत्रात काही बिघडलं नव्हतं. औषध काम करतं. माणसात! जित्या-जागत्या, गूळ खाणाऱ्या माणसात!

मी प्रशिकला मिठीच मारली. सर आत आले, थेट पडद्यापाशी गेले. "आता मी निवृत्त झालो तरी चालेल," म्हणाले. मग लगेच, "नाही, नाही, एवढ्यात नाही."

संध्याकाळी सुशील सावजीचं मटण घेऊन आला. तिखटानं दोघांच्याही डोळ्यांतून पाणी. माझं सगळं तिखटाचं नव्हतं, पण त्याला तसं सांगितलं.

२० फेब्रुवारी

समिती. आधी खूप बोलणी खाल्ली. एका घरातल्या दोघींना वेगवेगळ्या चिठ्ठ्या कशा? साखरेच्या कॅप्सूलला कडू चव काहून नाही? सगळे एकाच बाकावर काहून? सर उभे राहून "चूक आमची" म्हणत होते. मी मान खाली घालून बोटं मोडत होते.

मग प्रशिकनं रेघ दाखवली. अध्यक्षबाईंनी चष्मा वर केला, खाली केला, परत वर केला.

निर्णय — हा अभ्यास इथेच थांबवायचा, कारण बरोबरीची तुलना मोडली. पण औषधाचा गुण दिसतोय आणि त्रास कोणाला झालेला नाही, म्हणून आत्ताच्या सगळ्या पेशंटना, सगळ्यांना, खरी कॅप्सूल द्यायची, उघड, आमच्या देखरेखीखाली. सोमवारपासून! आणि नवा अभ्यास आखायचा. त्यात एका घराला एकच चिठ्ठी, आणि साखरेच्या कॅप्सुलीतही कडू.

कवडूभाऊंना फोन केला. सगळं दोनदा समजावून सांगितलं. तिकडून पहिला प्रश्न — "म्हनजे दोघींले सारखं?"

हो भाऊ! दोघींले सारखं! अर्धं-अर्धं करायची गरजच नाही आता!

मागे प्रेमलताबाई कोणाला तरी ओरडून सांगत होत्या. बहुतेक सगळ्या गावाला.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाटल्या वाटल्या. आजचा बाक म्हणजे लग्नघर. कोणी चिवडा आणला, कोणी संत्री. अश्लेषा आली होती, कवडूभाऊ आले होते. हर्षा आली नाही. पाय जरा दुखून राहिलाय, जीपमध्ये बसवत नाही म्हणे, तिची बाटली घरी कोणाजवळ द्यायची नाही हा नवा नियम, म्हणून तिची माझ्याकडेच राहिली. पुढच्या सोमवारी देईन.

सरांच्या डोक्यात आता नवं खूळ! ज्या घरात अर्धं-अर्धं खाल्लं तिथे सगळ्यात छान गुण आला तो अश्लेषाला. मग अर्धाच डोस पुरत असेल तर? अर्ध्या किमतीत, अर्ध्या धोक्यात! नव्या अभ्यासाचं नाव फळ्यावर लिहून पण झालं — "अर्धी मात्रा." मी आणि प्रशिकनं खाली दोन चमच्यांचं चित्र काढलं. गुरुवारी कामिनी मॅडम कुलूप उघडणार, कोणती नळी कोणाची ते कळणार. कधी एकदा त्या दोघींचे ठिपके बघते असं झालंय!

२७ फेब्रुवारी, गुरुवार

कुलूप उघडलं. अश्लेषाच्या रक्तात औषध पूर्ण. अर्धं नाही, पूर्ण. पहिल्या महिन्यानंतर दर महिन्याला.

त्याच महिन्यांत हर्षाच्या रक्तात काहीच नाही.

सरांनी फळा पुसला. मी बाहेर बाकावर येऊन फोन लावला. म्हटलं, हर्षा, चमचे तू करायचीस ना? मशीनचा आवाज थांबला. "तिले वार्डात उभं राहा लागते मॅडम. माही मशीन काय, दुखलं का बंद करता येते." दुखत होतं ना गं तुला? "ते जाऊ द्या ना. आता दोघींले आहे ना पूर्न? तिचं काही कमी नाही ना पडनार? अन माह्या आईले नका सांगू."

उद्या पहिल्या एसटीनं पारशिवनी. नियम गेला खड्ड्यात, बाटली घेऊन मी स्वतः जाणार. पहिली कॅप्सूल माझ्यासमोर गिळायची, तिनं, एकटीनं — आणि ती पोटात जाईपर्यंत मी त्या घरातून हलणार नाही!